आधी फणी, मग कडुनिंब

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी कर्नाटकात गौरी हब्ब असतो. त्याच्या आठवडाभर आधी बेंगळुरूतल्या बसवनगुडीच्या गांधी बझारात फुटपाथभर सुपांच्या चळती लागतात. एका सुपात वाण भरायचं, दुसरं सूप त्यावर उपडं घालायचं आणि सवाष्णीच्या हाती द्यायचं. या वाणाला 'मोरद बागिन' म्हणतात. त्यात हळद, कुंकू, बांगड्या, काळी पोत, आरसा, खण, डाळ, तांदूळ, गूळ, नारळ असं सगळं असतं, आणि एक छोटी फणीही असते. आपल्या ओटीतल्या फणी-करंड्याची ही सख्खी बहीण.

नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या आठ वर्षांच्या लेकीच्या डायरीत शाळेची चिठ्ठी आली. वर्गात उवा आढळल्यात, घरी डोकी तपासा. मी तपासलं, तर होत्या. गाद्या-उशा गॅलरीत नेऊन टाकल्या आणि मोबाइलवर घरगुती उपाय शोधायला बसले. शेजारच्या अज्जींनी दारातूनच ओळखलं. "हेनु कणम्मा, हेदरबेडा," म्हणाल्या. उवाच आहेत गं, घाबरू नकोस. मग घरात जाऊन त्यांनी दोन्ही बाजूंना दात असलेली जुनी शिसवी फणी आणली आणि लेकीला खिडकीपाशी पाठमोरी बसवलं.

पुढचे तेरा दिवस आमच्या घरी उवा हा एकच विषय होता. त्यातलं जे पक्कं कळलं ते इथे देते.

यूका, ऊ आणि हेनु

संस्कृतातली यूका झिजत झिजत मराठीत नुसती 'ऊ' उरली आणि लिक्षेची लीख झाली. कन्नडमध्ये उवेला 'हेनु' म्हणतात, लिखेला 'सीरु'. तमिळमध्ये ऊ म्हणजे 'पेन'. जुन्या कन्नडमधल्या शब्दांच्या सुरुवातीच्या 'प'चा पुढे 'ह' झाला. दुधाच्या 'पालु'चं 'हालु' झालं, तसंच उवेचंही झालं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर ऊ हे माप आहे! आठ लिखा म्हणजे एक यूका, आठ यूका म्हणजे एक यव, आठ यव म्हणजे एक अंगुळ. म्हणजे चौसष्ट उवा ओळीने लावल्या की एक बोट. खरी ऊ दोन ते तीन मिलिमीटरची, तिळाएवढी असते, त्यामुळे हे माप तिच्यापेक्षा बरंच बारीक पडतं. पण अगदी लहान काही दाखवायचं तर सगळ्यांच्या रोजच्या पाहण्यातली वस्तू घ्यावी, हे त्या काळच्या माणसांना सुचलं होतं.

पंचतंत्रात राजाच्या पलंगात राहणारी एक ऊ आहे. तिचं नाव मंदविसर्पिणी, म्हणजे हळूहळू सरपटणारी. नाव ठेवणाऱ्याचं निरीक्षण पक्कं होतं. उवेला पंख नसतात आणि उडी मारण्याजोगे पायही नसतात. ती फक्त चालते, आणि सगळा जोर लावून मिनिटाला सुमारे 23 सेंटिमीटर कापते. म्हणजे बरोबर एक वीत! 'शेजारच्या बाकावरून उडून आली' हे म्हणूनच खरं नाही. दोन डोकी एकमेकांना टेकली, केसांना केस लागले, की ती या केसावरून त्या केसावर जाते. एकाच पुस्तकात डोकं खुपसून बसलेल्या मैत्रिणी आठवा. हिंदीत 'कान पर जूँ न रेंगना' म्हणतात तेही शास्त्राला धरून आहे, कारण ऊ चालताना सहसा कळतच नाही. खाज सुटते ती तिच्या लाळेची ॲलर्जी झाल्यावर, आणि पहिल्यांदाच उवा झाल्या असतील तर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडेही लागतात. लेक डोकं खाजवायला लागली तेव्हा पाहुणे केव्हाचे राहायला आलेले असतात.

पांढऱ्या पंच्यावरची ऊ

अज्जींनी पहिली ऊ फणीतून पंच्यावर झटकली तेव्हा मी भिंग घेऊन वाकले. सहा पाय, आणि प्रत्येक पायाच्या टोकाला आकडीसारखी नखी. केसाला ती नखी अशी बसते की डोकं धुतलं, हलवलं, पोहून आलं तरी पकड सुटत नाही. अंग अर्धपारदर्शक, आणि आत मधोमध काळपट लाल ठिपका. तो लेकीच्या रक्ताचा होता. ऊ दिवसातून अनेकदा असं जेवते, आणि डोक्यावरून खाली पडली तर एक-दोन दिवसांत मरते. म्हणून गाद्या-उशा उन्हात टाकण्यात गेलेला माझा पहिला तास वायाच गेला. मागच्या दोन दिवसांत वापरलेले अभ्रे, टॉवेल आणि टोप्या कडक गरम पाण्यात धुतल्या की पुरतं.

नुसत्या रक्तावर जगणाऱ्याला काही जीवनसत्त्वं कमी पडतात. उवेच्या पोटात त्यासाठी खास जिवाणू असतात. ते तिला ब-5 जीवनसत्त्व करून देतात आणि आईकडून अंड्यातून पिलांकडे जातात.

मादी दिवसाला आठपर्यंत अंडी घालते आणि महिनाभर जगते. प्रत्येक लीख केसाला, टाळूपासून अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास, प्रथिनाच्या डिंकाने चिकटवलेली असते. लिखेला वर झाकण असतं, झाकणाला हवेसाठी बारीक छिद्रं असतात. पिल्लू आतूनच हवा ओढून मागे सोडतं आणि त्या हवेच्या दाबाने झाकण उघडून बाहेर येतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून टाळूपासून बोटभर लांब दिसणारी पांढरी लीख बहुतेक वेळा रिकामं टरफल असते. ती दिसली म्हणून नव्याने औषध लावायची गरज नाही. आईला आणि वर्गशिक्षिकेला एवढं ठाऊक असलं तर किती मुलींची विनाकारण होणारी लाजिरवाणी तपासणी टळेल!

आणखी एक गैरसमज आजच सोडा. उवांचा घाणीशी संबंध नाही. धुतलेले केस, तेल लावलेले केस, बंगला, चाळ, त्यांना सगळं सारखंच. कुत्र्या-मांजरांकडूनही त्या येत नाहीत, कारण माणसाची ऊ फक्त माणसावरच जगते.

शाळेच्या चिठ्ठीतून निघालेला शोध

जर्मनीतल्या लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतले मार्क स्टोनकिंग यांच्या मुलानेही शाळेतून अशीच उवांची चिठ्ठी घरी आणली होती. माणसाच्या अंगापासून दूर ऊ फार जगत नाही, हे त्यांनी त्यात वाचलं आणि त्यांच्या डोक्यात वेगळाच विचार आला. अंगावरची ऊ कपड्यांच्या शिवणीत राहते, मग माणूस कपडे घालायला लागण्यापूर्वी ती असणारच कशी? डोक्यातली ऊ आणि कपड्यातली ऊ कधी वेगळ्या झाल्या हे जनुकांवरून काढलं तर कपड्यांचं वय कळेल. 2003 मध्ये त्यांच्या गटाने सुमारे 72,000 वर्षं असा अंदाज मांडला. 2011 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तो 1,70,000 वर्षांपर्यंत मागे नेला. सुईदोऱ्याचा एवढा जुना पुरावा मातीत टिकत नाही, उवेच्या पेशीत टिकला!

मानवजातीबरोबर ऊ अशी फार लांबून चालत आली आहे. ब्राझीलमध्ये दहा हजार वर्षांपूर्वीच्या केसावर लीख सापडली. रॉबर्ट हूक यांनी 1665 च्या 'मायक्रोग्राफिया'मध्ये सूक्ष्मदर्शकातून काढलेली ऊ छापली, तर ती मोठ्या घडीच्या पानावर आली. निरीक्षणासाठी त्यांनी ऊ स्वतःच्या हातावर जेवू घातली होती.

मला मात्र सगळ्यांत भावली ती इस्राएलमधल्या तेल लाखिशची फणी. हस्तिदंताची, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब, सुमारे 3,700 वर्षांपूर्वीची. 2016 मध्ये ती उकरून काढली, पण तिच्यावर काही कोरलंय हे कळून अक्षरं लागायला 2022 उजाडलं. कनानी लिपीत सापडलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य, अक्षरं सतरा. विषय काय असावा? राजा नाही, देव नाही. केसांतल्या आणि दाढीतल्या उवा या दाताने उपटून जाव्यात, एवढीच इच्छा!

आणि आपला चरक? चरकसंहितेच्या विमानस्थानात उवांचं वर्णन आहे: तिळाएवढ्या, पुष्कळ पायांच्या, काळ्या-पांढऱ्या, केस, दाढी, पापण्या आणि कपड्यांत राहणाऱ्या. कारण म्हणून त्याने अस्वच्छता दिली आहे, ते आज टिकत नाही. पण उपचारात पहिला शब्द आहे 'अपकर्षण', म्हणजे ओढून काढणं. लेप आणि काढ्यांचा एवढा मोठा जाणकार उवांच्या बाबतीत सगळ्यांत आधी ओढून काढा म्हणतो. अज्जींनी चरक वाचलेला नाही, पण त्यांनीही आधी फणीच काढली.

आता स्वयंपाकघर

गांधी बझारात पूजेचं सामान आणि जडीबुटी विकणाऱ्या दुकानाला 'ग्रंधिगे अंगडी' म्हणतात. तिथे उभं राहून नुसतं 'हेनु' म्हटलं की समोर पुड्या येतात. बेवु म्हणजे कडुनिंब, बजे म्हणजे वेखंड, सीगेकायि म्हणजे शिकेकाई, आणि सीताफळाच्या बिया. कन्नडमध्येही त्याला सीताफळच म्हणतात. मी एकेकाची चौकशी केली.

कडुनिंब: पाडव्याला आपण पानं गुळाबरोबर खातो, इथे युगादीला 'बेवु-बेल्ल' म्हणून तेच खातात. उवांवर त्याची ताकद आहे ती पानांपेक्षा बियांत. 2007 मध्ये इजिप्तमधल्या साठ मुलांवर निंबोळीच्या अर्काचा शाम्पू वापरून पाहिला आणि निकाल चांगले आले. मात्र तो मोजून बनवलेला शाम्पू होता, आपण घरी पाला उकळून केलेलं पाणी त्याच्या तोडीचं समजू नका. कडुनिंबाचं तेल लावायचं तर खोबरेल तेलात थोडंसं मिसळून लावा, आणि मुलाच्या पोटात अजिबात जाऊ देऊ नका. तान्ह्या बाळांना त्याने गंभीर विषबाधा झालेली आहे.

खोबरेल: एकट्याने उवा मारण्याची त्याची ताकद थोडी. पण बडीशेपेच्या जातीच्या ॲनिस या बियांचं तेल खोबरेलापासून केलेल्या स्प्रेत घालून इंग्लंडमध्ये चाचणी झाली. 2010 च्या त्या निकालात स्प्रेने 82 टक्के मुलांची डोकी साफ झाली, नेहमीच्या पर्मेथ्रिन लोशनने 42 टक्के. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात टी ट्री आणि लव्हेंडर तेलाच्या मिश्रणाने 42 पैकी 41 मुलं उवामुक्त झाली. ही सगळी ठरावीक प्रमाणात बनवलेली तयार औषधं आहेत. बाटलीतलं शुद्ध टी ट्री तेल तसंच टाळूवर ओतलं तर कातडी भाजते.

व्हिनेगर, लोणी, ऑलिव्ह तेल, अंड्याचं मेयोनीज यांची परीक्षा अमेरिकेतल्या संशोधकांनी 2004 मध्ये प्रयोगशाळेत घेतली. व्हिनेगर सगळ्यांत कुचकामी ठरलं, आणि लिखेचा डिंक त्याने सुटतो हा समजही खोटा. पाण्यात आठ तास बुडवून ठेवल्या तरी बहुतेक उवा जिवंत राहिल्या! श्वासाची छिद्रं बंद करून त्या नुसत्या पडून राहतात. तासभर शॉवर कॅप घालून बसवलेल्या मुलीला काय वाटतं ते मात्र कोणी मोजलेलं नाही.

आता सीताफळाच्या बिया. इथे मी हात जोडून थांबते. श्रावण ते कार्तिक घराघरांत सीताफळं येतात, बिया वाळवून ठेवल्या जातात, आणि 'आमच्या आजीने हेच लावलं' या भरवशावर पूड तेलात कालवून मुलीच्या टाळूला चोळतात. पुडीने उवा मरतात हे खरं आहे, कारण बियांतले पदार्थ जबरदस्त कीटकनाशक आहेत. पण तीच पूड डोकं धुताना ओघळून डोळ्यांत गेली की बुबुळाचा वरचा थर सोलून निघतो. डोळा लाल, असह्य जळजळ, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतं. भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत छापल्या आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ जणी उवांसाठीच ही पूड लावणाऱ्या बायका-मुली होत्या. माझ्या मते ही पुडी घरात नकोच. चुकून डोळ्यांत गेलीच तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहा आणि तसंच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

खोबरेलातला कापूरही लहान मुलांना नको. तो पोटात गेला तर फिट्स येतात, आणि अगदी लहानग्यांच्या कातडीतूनही शोषला जातो. रॉकेल, ढेकणांचं औषध, झुरळांचा स्प्रे ही नावं औषध म्हणून उच्चारूसुद्धा नका. रॉकेल लावलेलं डोकं दिव्यापाशी, गॅसपाशी गेलं की पेट घेतं.

खिडकीपाशी, दर चौथ्या दिवशी

मग उपाय कोणता? केस धुवा, न पुसता भरपूर कंडिशनर लावा, नसेल तर खोबरेल चोपडा. ओल्या, बुळबुळीत केसांत ऊ काही वेळ सुस्त होते आणि तिला धड पळता येत नाही. आधी मोठ्या कंगव्याने गुंता काढा. मग फणीचे दात टाळूला टेकवून, बोटभर रुंदीची बट घेऊन, मुळापासून टोकापर्यंत एकाच ओढीत खाली या. प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या फडक्यावर पुसा. कानामागे आणि मानेवर दोनदा फिरवा, तिथे त्यांची गर्दी जास्त असते. लांब केसांना अर्धा-पाऊण तास सहज लागतो. फणीच्या दातांमधली फट 0.3 मिलिमीटरच्या आत असावी, म्हणजे ऊ अडकते आणि पुष्कळशा लिखाही निघतात. मेडिकलमध्ये स्टीलची मिळते ती उत्तम.

हे पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी करा. लिखेतून पिल्लू सात ते दहा दिवसांत निघतं, आणि त्याला स्वतः अंडी घालण्याजोगं व्हायला आणखी नऊ ते बारा दिवस लागतात. दर चौथ्या दिवशी विंचरलं की एकाही पिलाला आई व्हायला वेळ मिळत नाही. इंग्लंडमध्ये 2005 साली हीच पद्धत दुकानातल्या औषधांसमोर उभी केली होती. विंचरून बरी झालेली मुलं 57 टक्के, औषधाने 13 टक्के. कित्येक देशांतल्या उवांनी पर्मेथ्रिनसारखी औषधं पचवायला सुरुवात केली आहे. फणी मात्र त्यांना कधी पचणार नाही.

यानेही भागलं नाही तर डॉक्टरांना विचारा. डायमेथिकोन नावाचं सिलिकॉनचं लोशन मिळतं, ते उवेला विष घालत नाही, वरून झाकून टाकतं. दोन वर्षांखालच्या बाळाला मात्र विचारल्याशिवाय काहीही लावू नका.

अज्जी विंचरताना आपल्या लहानपणीचं सांगत होत्या. पायरीवर चार जणी एकीमागे एक, प्रत्येकीचे हात पुढचीच्या डोक्यात, आणि अंगठ्याच्या नखांवर लीख चिरडली की टच्‌कन होणारा आवाज. मी साताऱ्याच्या वाड्यात तेच पाहिलं आहे. भाषा बदलली तरी आवाज तोच.

प्लेग, टायफस आणि निर्दोष ऊ

बसवनगुडीच्या घडणीतही एका किड्याचा हात आहे. 1898 मध्ये बेंगळुरूत प्लेग आला, पेठांमधली दाट वस्ती जीवघेणी ठरली आणि त्यानंतर बसवनगुडी व मल्लेश्वरम या मोकळ्या, रुंद रस्त्यांच्या वसाहतींनी जोर धरला. त्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिलं की प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो. उवांचा त्यात हात नव्हता. टायफस पसरवते ती कपड्यातली ऊ, हे ट्यूनिसमध्ये 1909 साली शार्ल निकोल यांनी सिद्ध केलं आणि 1928 चं नोबेल मिळवलं. डोक्यातली ऊ मात्र कोणताही रोग पसरवत नाही. म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना स्पष्ट सांगते, उवांसाठी मुलांना शाळेतून घरी पाठवू नका.

तेराव्या दिवशी अज्जींनी फणी पांढऱ्या पंच्यावर पुसली, तर पंचा कोरा होता. गौरीच्या सुपातली प्लॅस्टिकची फणी मी आधीच बाजूला काढली होती आणि त्यांना बागिन देताना त्या जागी स्टीलची बारीक दातांची ठेवली होती.

तुमच्या घरी शाळेत जाणारी मुलगी असेल तर येत्या रविवारी उजेडात, ओल्या केसांत, सगळ्या घराची डोकी एकदा विंचरून बघा. आणि काही सापडलं तर लपवू नका. तिच्या जिवलग मैत्रिणीच्या आईला त्याच संध्याकाळी फोन करा, म्हणजे दोन्ही घरांत एकाच दिवशी फणी फिरेल.